इंग्लंडांतील हातघंटांचे ताफे

इतिहाससाधनांच्या संग्रहांत वस्तु व कागद यांची ताटातूट होणें ही नित्याची आपत्ति आहे. घराण्याची तरवार एका गांवीं जाते, दप्तर दुसऱ्या गांवीं कुजतें, आणि दोन पिढ्यांनंतर ती तरवार कोणत्या स्वारींत गाजली हें सांगावयास दंतकथेवांचून कांहीं उरत नाहीं. वसईच्या मोहिमेंत, इ. स. १७३९ मध्यें, मराठ्यांच्या हातीं आलेल्या पोर्तुगीज घंटांची हकीकत वाचकांस ठाऊकच आहे. त्यांपैकीं कित्येक आज देवळांतून टांगलेल्या आहेत. नाशिकच्या नारोशंकराची घंटा तर म्हणींत जाऊन बसली आहे. परंतु कोणती घंटा कोणत्या ख्रिस्ती देवळांतून निघाली व कोणत्या वाटेनें आजच्या जागीं पोंचली, याचा कागद घंटेबरोबर सहसा आलेला नाहीं. घंटा बोलते, पण आपला वृत्तांत सांगत नाहीं.

याच आपत्तीचें एक बोधप्रद उदाहरण इंग्लंडांतील लहान गांवांतून वाढलेल्या हातघंटांच्या ताफ्यांचें आहे. विषय परदेशचा आहे हें खरें. तथापि त्यांत प्रमाणांची जी गुंतागुंत आहे ती आपल्या नित्याच्या परिचयाची आहे. या ताफ्यांविषयीं तीन समजुती सर्वत्र रूढ आहेत. पहिली, हातघंटांचें वादन म्हणजे चर्चच्या मनोऱ्यांतील घंटावादनाची केवळ घरगुती तालीम होय. दुसरी, हे वादक मूळचे स्वित्झर्लंडचे होत. तिसरी, हा सर्व प्रकार धर्मविधीचाच भाग होय. यांपैकीं पहिली अर्धी खरी, दुसरी सर्वथा खोटी, व तिसरी एका काळापुरती व एका स्थळापुरती खरी आहे, असें आम्हांस वाटतें. त्याचीं कारणें क्रमानें देतों.

१. वस्तूची घडण

प्रथम वस्तु पाहूं. आपल्या देवघरांतील घंटी सर्वांच्या हातांतली आहे. तिची मूठ धातूची असते, व तिचा लोलक आंतल्या कडीला सैल अडकविलेला असून चहूं दिशांना फिरतो. घंटी हलविली म्हणजे लोलक वाटेल तेथें आपटतो व नाद सतत चालू राहतो. पूजेंत हेतु तोच असल्यामुळें या घडणींत उणें असें कांहींच नाहीं.

इंग्लिश हातघंटा दिसावयास हिचीच बहीण, परंतु हेतु निराळा असल्यामुळें तिचें अंतरंग निराळें आहे. तिचा लोलक बिजागरीवर बसविलेला असून तो एकाच पातळींत, पुढें व मागें, हलूं शकतो. त्याच्या दोन्ही अंगांस कमान असते. टोल पडतांच ती लोलकाला मागें खेंचून धरते, व वादकानें पुन्हां मनगट झटकल्यावांचून दुसरा टोल पडत नाहीं. मूठ बहुधा चामड्याच्या वादीची असते. वादकाला जेव्हां हवा तेव्हां, जेवढा हवा तेवढा, एकच स्वर मिळावा यासाठीं ही सारी योजना आहे. सैल लोलकाच्या घंटीवर पूजा होईल, पण गत वाजणार नाहीं.

धातु म्हणजे आपलें कांसेंच. सुमारें चार भाग तांबें व एक भाग कथील, असें त्याचें प्रमाण असतें. ओतल्यानंतर घंटा चरकावर धरून आंतून धातु खरवडून काढतात व स्वर जुळवितात. येथें एक विशेष आहे. मनोऱ्यांतील मोठ्या घंटेच्या नादांत मूळ स्वराबरोबर कोमल गंधाराचा उपस्वर ठळक ऐकूं येतो, व त्यामुळें तिच्या नादाला एक विषण्ण छटा येते. इंग्लिश हातघंटेंत मुख्य उपस्वर मूळ स्वराच्या वरच्या सप्तकांतील पंचमाचा असतो. पुष्कळ घंटा एकत्र वाजविल्या असतां गोंधळ न होतां स्वरमेळ गोड लागतो, त्याचें एक कारण हें आहे. अर्थात् हातघंटा ही मोठ्या घंटेची लहान प्रतिकृति नव्हे. ती जाणूनबुजून निराळी केलेली वस्तु आहे.

बिजागरीच्या लोलकाचें श्रेय सामान्यतः विल्टशायर परगण्यांतील ऑल्डबोर्न या लहानशा गांवच्या विल्यम व रॉबर्ट कोर या ओताऱ्यांस देतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस व अठराव्याच्या आरंभीं त्यांची ओतशाळा चालू होती. चुनखडीच्या टेकड्यांमधील या गांवीं घंटा ओतण्याचा धंदा त्यांच्या मागेंही शंभर वर्षें टिकला, व १८२५ च्या सुमारास तो लंडनमधील व्हाइटचॅपेलच्या मीअर्स घराण्याकडे गेला. श्रेय देणें व पुरावा देणें या दोन भिन्न गोष्टी आहेत हें वाचकांस सांगणें नको. एवढें मात्र निश्चित कीं, अठराव्या शतकापासून अशा घडणीच्या घंटा संचांनीं तयार होऊं लागल्या होत्या. कित्येक घंटांच्या आंतल्या अंगास ओताऱ्याच्या नांवाचीं आद्याक्षरें आढळतात, व तींच त्यांची जन्मपत्रिका होय.

२. मनोरा व क्रमपालट

आतां पहिल्या समजुतीकडे वळूं. इंग्लंडांत सतराव्या शतकांत घंटावादनाची एक विलक्षण पद्धति वाढीस लागली. मनोऱ्यांतील घंटा पूर्ण चाकावर बसवून दोराच्या साह्यानें ती तोंड वर करून उभी राहीपर्यंत फिरवितात, व एकेका फेऱ्यास एकेक टोल घेतात. घंटा जड, तिला लवकर आणणें किंवा मागें रोखणें थोड्याच प्रमाणांत साधतें. त्यामुळें अशा घंटांवर गाण्याची चाल वाजविणें कठीण. परंतु घंटांचा क्रम पालटणें शक्य असतें. तेव्हां चाल सोडून क्रमच पालटीत जावें, एक क्रम पुन्हां येऊं देऊं नये, व शेवटीं मूळ क्रमावर यावें, असा हा खेळ बसला. यास आम्ही क्रमपालट म्हणतों.

यावरील पहिलें छापील पुस्तक 'टिंटिनॅलॉजिया' हें १६६८ सालीं निघालें. त्यावर कर्त्याचें नांव नव्हतें, प्रकाशक म्हणून फेबियन स्टेडमन याचें होतें. त्यामुळें पुष्कळ काळ तें स्टेडमनचेंच मानलें गेलें. तें रिचर्ड डकवर्थ याचें होय हें आतां मान्य झालें आहे. स्टेडमनचें स्वतःचें 'कँपनॅलॉजिया' हें पुस्तक १६७७ चें आहे. मुखपृष्ठावरील एका नांवामुळें ग्रंथाचें पितृत्व दुसऱ्याकडे जाणें हा प्रकार हस्तलिखितांचा व्यवहार करणारांस अपरिचित नाहीं.

गणित सोपें आहे. तीन घंटांचे क्रम ६, चारांचे २४, पांचांचे १२०, सहांचे ७२०, सातांचे ५०४० व आठांचे ४०३२०. सात घंटांचे ५०४० क्रम एका दमांत वाजविण्यास मनोऱ्यांत सुमारें तीन तास लागतात. आठ घंटांचे सर्व ४०३२० क्रम लफबरो येथील ओतशाळेच्या मनोऱ्यांत १९६३ च्या जुलै महिन्यांत एकाच मंडळीनें न थांबतां वाजविले. त्यास १७ तास ५८ मिनिटें लागलीं. वाजवितांना कागद समोर ठेवावयाचा नाहीं, सर्व कांहीं स्मरणांतून, असा दंडक आहे. आपल्याकडील वैदिकांचे क्रम, जटा व घन हे पाठ ज्यांनीं ऐकले आहेत, त्यांस या स्मरणशक्तीची कल्पना सहज येईल.

या वादकांनीं तालमीसाठीं हातघंटा घेतल्या, ही गोष्ट खरी आहे. हिंवाळ्यांत थंडगार मनोऱ्यांत उभें राहण्यापेक्षां उबेच्या खोलींत बसून क्रम घोकणें सोयीचें, व शेजाऱ्यांचे कानही वांचतात. प्रत्येक वादक दोन घंटा घेतो. हात वर करतांना एक टोल व खालीं आणतांना दुसरा. हा संबंध वस्तूवरून व नियमांवरूनही सिद्ध होतो. मनोऱ्यांत घंटेचें वजन असें असतें कीं, एका फेऱ्यांतून दुसऱ्या फेऱ्यांत जातांना तिची जागा एका घरापेक्षां अधिक हलवितां येत नाहीं. म्हणून कोणतीही घंटा एका वेळीं एकच स्थान सरकेल, हा नियम झाला. हातघंटेला हें बंधन मुळींच नाहीं. ती वाटेल तेव्हां वाजते. तरी हातघंटांवरील क्रमपालटांत हा नियम तसाच पाळतात. भाजें व कार्लें येथील लेण्यांत दगडी छताला लांकडी वांशांचे आकार दिलेले आहेत, व त्यांवरून मूळ इमारत लांकडाची होती असें आपण अनुमान करतों. येथील प्रमाणही त्याच जातीचें आहे. गरज संपली, आकार उरला. आकारावरून मूळ ओळखावें.

परंतु हें झालें क्रमपालटापुरतें. ज्या ताफ्यांमुळें हातघंटांची कीर्ति झाली ते क्रम वाजवीत नसत, गाण्यांच्या चाली व वाद्यमेळाच्या रचना वाजवीत. त्यांचें मूळ मनोऱ्याच्या तालमींतच सर्वस्वीं शोधणें चुकीचें आहे. याचा पुरावाही संचांतच आहे. क्रमपालटास शुद्ध स्वरांच्या आठ, दहा किंवा फार तर बारा घंटा पुरतात. चालीस कोमल व तीव्र स्वर लागतात, दोन-तीन सप्तकें लागतात, एकाच स्वराच्या दोन घंटाही लागतात. म्हणून एखादा जुना संच हातीं आला असतां प्रथम त्यांतील स्वर मोजावे. बारांच्या आंतील शुद्ध स्वरांचा संच मनोऱ्याशीं नातें सांगतो, विकृत स्वरांसह साठ-सत्तर घंटांचा संच सभागृहाशीं सांगतो. मालकाच्या वंशजांनीं सांगितलेल्या कथेपेक्षां ही साक्ष अधिक बळकट आहे.

३. प्रस्ताराची तुलना

येथें थोडें विषयांतर करतों; परंतु तें देवगिरीपर्यंतच जातें. ५०४० ही संख्या आमच्या वाचकांपैकीं संगीतग्रंथांचा व्यासंग असणारांस ओळखीची वाटली असेल. यादव राजा सिंघण याच्या पदरीं श्रीकरणाधिप असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यांत सात स्वर एकेकदांच घेऊन क्रम बदलल्यानें होणाऱ्या कूटतानांची संख्या हीच दिली आहे. इतकेंच नव्हे, तर प्रस्तारांतील अमुक क्रमांकाची तान कोणती हें काढण्याची 'नष्ट' नांवाची, व अमुक तानेचा क्रमांक कोणता हें काढण्याची 'उद्दिष्ट' नांवाची रीति खंडमेरूच्या कोष्टकासह दिली आहे. त्यापूर्वीं बाराव्या शतकांत भास्कराचार्यानें 'लीलावती'ंत अंकपाशाचें गणित सांगितलें होतें. भास्कराचार्याचा नातू चांगदेव हा याच सिंघणाच्या पदरीं ज्योतिषी होता, व आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यानें स्थापिलेल्या मठाचा चाळीसगांवजवळील पाटणें येथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं प्रसिद्धीस आणला, हें सर्वश्रुत आहे.

या साम्यावरून कोणी विल्टशायरचा ओतारी व देवगिरीचा शास्त्री यांचें गोत्र जुळवूं लागेल, तर आम्ही त्यास सामील नाहीं. सातांचे क्रम ५०४० होतात हें गणितांतच आहे. जो मोजील त्यास तें सांपडेल. भेद पाहिला तर अधिक बोध होतो. शार्ङ्गदेवाचा प्रश्न असा कीं, सर्व यादी न लिहितां तिच्यांतील हवी ती ओळ कशी काढावी. इंग्लिश घंटावादकाचा प्रश्न असा कीं, एका ओळीवरून दुसरीवर, एकेका पायरीनें, कोठेंही पुनरुक्ति न करतां कसें चालत जावें. एकास यादीचें शास्त्र हवें होतें, दुसऱ्यास वाट हवी होती. दोन देशांत एकच संख्या सांपडली एवढ्यावरून ऋण सिद्ध होत नाहीं. ऋण सिद्ध करावयास कागद लागतो.

प्रत्यक्ष संबंध पहावयाचा तर तो फार अलीकडचा आहे. पुण्यांत पांच हौद मिशनच्या मनोऱ्यांत लफबरोच्या टेलर ओतशाळेंतील आठ घंटांचा संच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत आला. तो क्रमपालटाच्या इंग्लिश पद्धतीनेंच टांगलेला आहे. १८९० सालच्या चहाच्या ग्रामण्यामुळें हें स्थळ आमच्या वाचकांस वेगळ्याच कारणानें ठाऊक आहे. चहाच्या प्रकरणाचे कागद आपण जपले. घंटांचे कागद पाहण्याची आठवण फारशी कोणास झाली नाहीं.

४. गांवचे ताफे

एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडच्या उत्तर भागांत, यॉर्कशायर व लँकेशायर या परगण्यांच्या डोंगराळ सीमेवर, लोंकरीच्या व सुताच्या गिरण्या वाढल्या. या गिरणीगांवांतूनच हातघंटांच्या वादनास खरा बहर आला. हडर्सफील्डजवळचीं ऑल्मंडबरी व क्रॉसलंड मूर, तसेंच सॅडलवर्थ, हीं नांवें या इतिहासांत वारंवार येतात. नकाशावर हीं ठिकाणें शोधावीं लागतात, पण घंटावादनांत त्यांचा दरारा होता.

ताफ्यांतील माणसें बहुतेक कामकरी वर्गांतलीं. दिवसभर गिरणींत राबून रात्रीं एखाद्या शाळेच्या खोलींत किंवा पथिकगृहांत जमावयाचें, असा क्रम. संच एकट्याच्या ऐपतीचा नसे, म्हणून तो वर्गणीनें घेत, व तो मंडळीच्या समाईक मालकीचा असे. नाताळच्या दिवसांत घरोघर जाऊन वाजवावयाचें व मिळेल तें द्रव्य मंडळीच्या पेटींत टाकावयाचें. चर्चशीं संबंध असे, पण तोच एक संबंध नव्हता. तिसरी समजूत येथेंच ढांसळते. नाताळच्या रात्रीं स्तोत्रांच्या चाली वाजविणारी तीच मंडळी एरव्हीं इटालियन नाटकांच्या प्रस्तावनासंगीताची हातघंटांसाठीं केलेली मांडणी वाजवी. जो संच देवाच्या दारीं वाजला तोच बक्षिसाच्या चढाओढींतही वाजला.

वादनाची रीतही उत्तरेंत निराळी होती. क्रमपालटांत दोन हातांत दोन घंटा असतात. येथें लांब मेजावर जाड गादी अंथरून तीवर घंटा आडव्या ओळींनीं मांडीत. दहा-बारा असामी मेजामागें उभे राहत, व एकेकाकडे दहा-पंधरा घंटांची जबाबदारी असे. हवी ती घंटा उचलावी, वाजवावी, लगेच गादीवर ठेवावी. गादीच्या स्पर्शानें नाद थांबे व पुढच्या स्वरास वाट मोकळी होई. मोठ्या ताफ्यांचे संच शंभराहून अधिक घंटांचे असत. सतार एकाच्या हातांत असते, शिंग एकाच्या तोंडीं असतें; येथें वाद्य एक व वाजविणारे बारा. एक मनुष्य गैरहजर राहिला तर गाण्यांतील त्याचे स्वरच नाहींसे होतात, दुसऱ्यानें जोर करून ती भर निघत नाहीं. या वाद्याचा स्वभावच सहकाराचा आहे, व गिरणीगांवांत तें रुजलें यांत आम्हांस नवल वाटत नाहीं.

मँचेस्टरजवळच्या बेल व्ह्यू बागेंत १८५५ सालापासून हातघंटांच्या ताफ्यांची वार्षिक चढाओढ सुरू झाली. पितळी वाद्यांच्या ताफ्यांची चढाओढ तेथें त्यापूर्वीं दोन वर्षें चालू झालेली होती. आगगाडीमुळें ताफ्यांस घंटांच्या पेट्या घेऊन जाणें व गांवकऱ्यांस त्यांच्या मागें जाणें सुलभ झालें. ही चढाओढ १९२६ पर्यंत चालली. तिचा एक परिणाम चांगला झाला: संच वाढले, वादन कसाला लागलें. दुसरा परिणाम संशोधकाच्या दृष्टीनें अडचणीचा झाला. जिंकलेल्या ताफ्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापून राहिलीं, आणि जे ताफे कधीं चढाओढीस गेले नाहींत, केवळ आपल्या गांवीं नाताळांत वाजवीत राहिले, त्यांचा मागमूस छापील साधनांत क्वचितच लागतो. त्यांच्यासाठीं शोध करावयाचा तो त्यांच्या वह्यांतून.

या वह्या म्हणजे या विषयाचें खरें दप्तर होय. ताफ्याचा म्होरक्या आपल्या संचाकडे व माणसांकडे पाहून रचना मांडी. कोणता स्वर आहे, कोणता नाहीं, कोणाचा हात जलद, कोणाचा मंद, हें पाहूनच एकेकाच्या वांट्याचे स्वर ठरत. म्हणून एका ताफ्याची वही दुसऱ्यास जशीच्या तशी क्वचितच उपयोगी पडे. जुन्या पद्धतींत स्वरांऐवजीं घंटांचे अंकच लिहीत. घंटेवर जो अंक, तोच वहींत. पुढें रीतसर स्वरलिपि आली. अंकांची वही हातीं आली पण संच गेला, तर ते अंक कोणत्या स्वरांचे हें कळण्यास मार्ग राहत नाहीं. संच राहिला व वही गेली, तर तो ताफा काय वाजवीत होता व कोण काय वाजवीत होतें हें कळत नाहीं. दोन्ही एकत्र असतील तरच साधन पुरें होतें. मोडी वाचतां येणारास कागद मिळावा पण तो सांकेतिक लिपींत असावा, व संकेताची किल्ली दुसऱ्याच्या पेटींत असावी, तशांतला हा प्रकार आहे.

५. 'स्विस' नांवाचा घोटाळा

दुसरी समजूत कशी जन्मास आली हें सुदैवानें जन्मदात्यानेंच लिहून ठेविलें आहे. अमेरिकेचा प्रसिद्ध तमासगीर फिनीअस टेलर बार्नम हा १८४० नंतरच्या दशकाच्या मध्यास इंग्लंडांत असतां लिव्हरपूल येथें त्यानें लँकेशायरच्या सात हातघंटावाल्यांस अमेरिकेच्या दौऱ्यासाठीं ठरविलें. त्यांनीं मिशा वाढवाव्या, चित्रविचित्र पोषाख करावा, व स्वित्झर्लंडचे म्हणवून घ्यावें, अशी अट त्यानें घातली. आम्हांस इंग्रजीवांचून दुसरी भाषा येत नाहीं, आम्ही स्विस म्हणून कसे खपूं, असें त्यांनीं आपल्या ठसकेबाज लँकेशायरी बोलींत विचारलें. त्यावर बार्नमनें उत्तर दिलें कीं, तुम्ही आतां माझ्याशीं जसें बोललां तसेंच अमेरिकेंत बोला; तुम्हांस कोणीही कोणत्याही देशचे मानील. ही हकीकत बार्नमच्या आत्मचरित्रांत आहे.

या साक्षीचें मोल काय? बार्नम हा थापा मारण्यांत प्रवीण होता, व आपल्या थापांचें कौतुक करून सांगण्यांत त्याहून प्रवीण होता. तेव्हां संवादाचे शब्द जसेच्या तसे मानूं नयेत. त्यांत मीठमसाला असणारच. परंतु वादक लँकेशायरचे होते हा भाग ग्राह्य आहे. कारण लबाडाचें विधान त्याच्या धंद्याच्या विरुद्ध जातें तेव्हां तें सहसा खरें असतें, आणि ज्या नांवावर त्यानें पैसा मिळविला तें नांव खोटें होतें असें तो येथें स्वतः कबूल करतो. तरीही झालें काय? कबुली पुस्तकांत राहिली व नांव जाहिरातींतून जगभर गेलें. पुढें हातघंटा वाजविणाऱ्या इतर मंडळ्याही 'स्विस' म्हणवूं लागल्या, व खुद्द इंग्लंडच्या गांवांतल्या कलेस परक्या देशाचें नांव चिकटलें. जाहिरातीचा कागद हाही अस्सल कागद असतो. पण अस्सल कागदावरील मजकूर खोटा असूं शकतो. आपल्याकडील कित्येक वंशावळी व करीने वाचतांना ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

६. ऱ्हास व पुनरुज्जीवन

पहिल्या महायुद्धांत (१९१४–१८) गिरणीगांवांचीं तरुण माणसें मोठ्या संख्येनें गेलीं. ज्या वाद्याचे बारा वादक तें वाद्य दोन-तीन माणसें परत न आल्यानेंही मुकें होतें. त्यामागून ग्रामोफोन, चित्रपट व नभोवाणी आलीं; संध्याकाळीं जमण्याचें कारण कमी झालें. १९२६ नंतर बेल व्ह्यूची चढाओढही राहिली नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत मात्र एक चमत्कारिक प्रसंग आला. शत्रु उतरल्याची खूण म्हणूनच घंटा वाजवाव्या, अशा हेतूनें १९४० च्या जूनपासून इंग्लंडांत चर्चच्या घंटा बंद ठेवण्यांत आल्या. १९४२ च्या नोव्हेंबरांत एल् अलामेनच्या विजयाप्रीत्यर्थ त्या वाजल्या, व पुढील सालीं बंदी उठली. या मधल्या काळांत मनोऱ्यांतील वादकांनीं आपली विद्या हातघंटांवर जिवंत ठेविली. जिला केवळ तालीम म्हणून गणलें होतें तिनेंच मूळ विद्येस आधार दिला.

अमेरिकेंत ही कला दुसऱ्यांदा गेली ती खोट्या नांवाशिवाय. बोस्टनच्या मार्गारेट शर्क्लिफ या बाईंनीं १९०२ सालीं लंडनमध्यें हातघंटांवर क्रमपालटाचे दीर्घ पाठ वाजविले, व व्हाइटचॅपेलच्या ओतशाळेकडून त्यांस घंटांचा संच भेट मिळाला. त्यांच्या घरीं जमणाऱ्या मंडळींतून १९३७ सालीं न्यू इंग्लंडचा संघ व १९५४ सालीं अखिल अमेरिकेचा संघ उभा राहिला. ब्रिटनमधील संघ १९६७ चा आहे. मूळ देशाचा संघ तेरा वर्षें मागून झाला, ही गोष्टही विचार करण्याजोगी आहे. जें घरचें असतें त्याची नोंद ठेवण्याची घाई कोणास नसते.

व्हाइटचॅपेलची ओतशाळा आपला आरंभ १५७० पासून सांगत असे. ती २०१७ सालीं त्या जागीं बंद झाली. साडेचारशें वर्षांच्या जवळ आलेला धंदा थांबला, तेव्हां इंग्लंडांतील पुष्कळांस प्रथमच वाटलें कीं, घंटा टिकाऊ आहे, पण घंटेचें ज्ञान टिकाऊ नाहीं.

७. उपसंहार व विनंति

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा. हातघंटांवरील क्रमपालट मनोऱ्यांतून आला, हें त्याच्या नियमांवरून सिद्ध आहे. चालींचें वादन त्याच घंटेवर पण निराळ्या हेतूनें वाढलें, व तें गिरणीगांवांच्या समाईक जीवनाचें फळ आहे, हें संचांच्या रचनेवरून दिसतें. स्वित्झर्लंडचा संबंध तमासगिराचा आहे, इतिहासाचा नाहीं.

परंतु हा निष्कर्ष काढणें शक्य झालें तें जेथें संच अखंड राहिले तेवढ्यापुरतेंच. हातघंटा दिसावयास सुबक, हातांत मावणारी, कपाटांत शोभणारी. ताफा मोडला कीं संचांतील घंटा आठवण म्हणून एकेकाच्या घरीं जातात, तेथून बाजारांत, बाजारांतून संग्राहकाकडे. संग्राहक प्रेमानें तिला पुसून, घांसून, झगझगीत करून ठेवतो. त्या घांसण्यांत वादीवरील झीज, अंक, दुरुस्तीच्या खुणा पुसल्या जातात. शंभर घंटांचें एक वाद्य शंभर शोभेच्या वस्तु होऊन बसतें, आणि तें कोणत्या शत्रूनें नव्हे, जुन्या वस्तूंच्या चाहत्यांनींच केलेलें असतें. हें आम्ही दुसऱ्यास दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं. पोथीचीं सुटीं चित्रित पानें, सनदेवरील शिक्क्यापुरता कापलेला कागद, चौघड्यांतील एकच नगारा, हीं आपल्या संग्रहांतूनही असतात, व तीं घेतांना उरलेल्या भागाचें काय झालें हें आपण नेहमींच विचारलें आहे असें म्हणवत नाहीं.

म्हणून वाचकांस एवढीच विनंति कीं, आपल्या भागांतील भजनी मंडळ्यांचे टाळ-मृदंग व त्यांचीं अभंगांचीं बाडें, देवस्थानांचे चौघडे व त्यांच्या वाजंत्र्यांच्या इनामांचे कागद, हीं दृष्टीस पडतील तेव्हां तीं एकत्र असतांनाच त्यांची याद करावी. किती नग, कोणत्या खुणा, कोणाकडून आले, कोण वाजवीत असे, कोणत्या दिवशीं, हें लिहून ठेवावें. व शक्य तों संच फोडूं नये. वस्तु न मिळाली तरी चालेल, याद मिळाली तर पुष्कळ झालें. नारोशंकराच्या घंटेबरोबर एवढी एक यादी जरी आली असती, तरी आज आम्हांस तिच्याविषयीं म्हणीपेक्षां अधिक कांहीं सांगतां आलें असतें.